दोघांपेक्षा मोठं

निवडणूक लागली तसे उमेदवार नत्थूजी अनुसयाबाईंच्या छापखान्यात आले. बाईंच्या सागवानी लाकडात कोरलेल्या छपाईच्या अक्षरांची गोलाई लकडगंजात सगळ्यांना ठाऊक होती.

"बाई, पोस्टरवर माझं नाव मनोहररावापेक्षा मोठं पाह्यजे."

"छापते जी."

मागून मनोहरराव आले. त्यांना नत्थूजींपेक्षा मोठं नाव हवं होतं.

"छापते जी," बाई म्हणाल्या.

पोस्टरं हाती पडली आणि दोघंही भांडायलाच आले. "काहून बाई, दोघायची अक्षरं सारखीच?"

"कोण म्हणते सारखी?" बाईंनी नत्थूजींना पोस्टर धरून दारात उभं केलं आणि मनोहररावांना त्यांचं पोस्टर घेऊन रस्त्यापलीकडे, वखारीपाशी. "आता हातातलं नाव पाहा, मग समोरचं पाहा. कोणाचं मोठं दिसून राहिलं?"

दोघांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"माझंच!" नत्थूजी म्हणाले.

"माझंच!" पलीकडून मनोहरराव ओरडले, आणि दोघंही खुशीत आपापल्या वाटेनं गेले.

बाईंनी छापखान्यातल्या त्या एकुलत्या एका अक्षरसंचावरची शाई पुसली आणि आतल्या खोलीत बसवून ठेवलेल्या तिसऱ्या उमेदवाराला हाक मारली, "या जी! तुम्हाले दोघायपेक्षाही मोठं पाह्यजे होतं ना?"