जोडीदाराची नळी

"वहिनी, विकायचा विचार असेल तर आधी मला सांगा. गिऱ्हाईक तयार आहे," दुकानदार म्हणाला आणि त्याने डायव्हिंगचा टायटॅनियमचा रेग्युलेटर काउंटरवरच्या फडक्यावर अलगद ठेवला. "किती नवाकोरा राखलाय! भाऊ नाही आले?"

"नाही."

"गुडघे?"

तिने नुसती मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते दुकानदाराने आपल्या सोयीने ठरवलं. "चालायचंच. समुद्राच्या तळाशी जाणारी माणसं, पण गुडघे बोलतात ते जिन्यावर," असं म्हणून तो स्वतःच हसला. मग रेग्युलेटर उलटसुलट करून पाहत त्याने विचारलं, "याची पिवळी नळी कुठे गेली?"

"टाकून दिली."

"बरं केलंत. तशीही साधीच होती."

विकायचा की ठेवायचा, हे तिचं अजून ठरत नव्हतं. घरातलं कपाट उघडलं की तोच आधी नजरेस पडायचा. तो कुणाच्या तरी कामाला आला तर आपलं मन थोडं हलकं होईल, असं तिला सकाळी वाटलं होतं. आता तसं वाटत नव्हतं.

शेजारी एक तरुण जोडपं कधीपासून घुटमळत होतं. दोघं नुकतीच स्कूबा डायव्हिंग शिकली होती आणि नव्या नवलाईने दुकानातली एकेक वस्तू हाताळून पाहत होती. मुलाने एका हातात पितळेचा आणि दुसऱ्यात टायटॅनियमचा रेग्युलेटर धरला होता आणि त्याचं काही केल्या ठरत नव्हतं.

"काकू, तुमच्याकडे आहे म्हणून विचारतो," तो म्हणाला. "टायटॅनियमला एवढे पैसे टाकण्यात खरंच अर्थ आहे?"

"टाकीतली हवा तोंडापर्यंत आणायची, एवढंच याचं काम. श्वास पितळेच्यातूनही तेवढाच येतो. हा वजनाला हलका, खाऱ्या पाण्याने खराब होत नाही. बाकी हौस. ह्यांनी आणला त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिला होता. मग शेजाऱ्यांना बोलावून तोलायला लावला."

"हौसेला मोल नसतं!" दुकानदाराने संधी साधली.

मुलाची बायको हसली. "मग तू टायटॅनियमचाच घे. किती दिवस डोळा आहे तुझा त्याच्यावर! फक्त पिवळी नळी साधी घेऊ, तिथे वाचतील."

प्रत्येकाच्या रेग्युलेटरला अशी एक जास्तीची पिवळी नळी असते. पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली, तर त्याने ती तोंडात धरायची.

"अगं, पण ती तुझ्यासाठी," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच म्हणतेय. मला साधी चालते."

हा रेग्युलेटर घेतला त्या दिवशी तीही असंच म्हणाली होती. हेच दुकान, हेच शब्द, आणि कौतुक करून घेणारा तो सूरसुद्धा हाच.

जन्मभर तिने वाटण्या अशाच केल्या होत्या. नवी छत्री नवऱ्याला, काडी मोडलेली स्वतःला. जाड पांघरूण त्याला, विरलेलं स्वतःला. यात आपण फार समजूतदार, असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. नवरा कुरकुरायचा. "अगं, किती मन मारशील?" म्हणायचा. पण त्या दिवशी चारचौघांत वाद नको म्हणून तो गप्प बसला. भांडला असता तर! निदान दुकानदाराने तरी अडवायचं होतं. दोष कुणाच्या गळ्यात घालता येतो का, ते तिने खूपदा पाहिलं होतं. फिरूनफिरून तो तिच्याच गळ्यात पडायचा.

"ताईंचं बरोबर आहे," दुकानदार त्या मुलाला सांगत होता. "ही नळी वर्षानुवर्षं वापरातच येत नाही."

"चांगली घ्या," ती मध्येच म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "पैसे पुरत नसतील तर टायटॅनियम राहू दे, पितळेचा घ्या. पण ही नळी चांगली घ्या."

मुलगी अवघडली. "काकू, माझी हवा सगळ्यांपेक्षा जास्त पुरते हो. आमचे सरसुद्धा म्हणतात."

"माझीही पुरायची. एकदा माशांच्या थव्यामागे गेले आणि हवेच्या काट्याकडे बघायचं राहून गेलं."

"मग?"

"मग संपली."

दुकानदाराने मान वर करून पाहिलं.

"पण पिवळी नळी होती ना?" मुलाने विचारलं.

"होती. सगळ्यात स्वस्तातली, मीच निवडलेली. न वापरता आतलं रबर दुमडलं होतं. पहिल्याच श्वासाला हवेऐवजी पाणी आलं."

मुलाने बायकोच्या हातातली साधी नळी काढून घेतली आणि काउंटरवर दूर सरकवली. "बापरे! एवढ्या खोल, आणि तोंडात पाणी... मग तुम्ही वाचलात कशा?"

तिने टायटॅनियमचा रेग्युलेटर फडक्यावरून उचलला. तो खरोखरच हलका होता.

"शिकवतात की, खूण करायची आणि पिवळी मागायची. पण जीव घाबरला की ते काही आठवत नाही हो. समोरच्याच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, तेवढेच दिसतात. मी ह्यांच्या तोंडातला हाच ओढून घेतला," ती म्हणाली. "पिवळी ह्यांच्या वाट्याला आली."