शेजारची जागा

मागून हॉर्न वाजला तसा गोदावरीबाईंचा हात आपोआप उठला. यशोधनच्या दंडावर थाप पडणार, तोच गाडी थांबली. उजवीकडून एक बस अंगावर आल्यासारखी येऊन सुसाट पुढे गेली. गोदावरीबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला.

यशोधनने हसून आरशाकडे बोट दाखवलं. आरशाच्या कोपऱ्यात नारिंगी दिवा लागला होता. बस गेली तसा तो विझला.

यशोधनला जन्मापासून ऐकू येत नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तो यंत्रांची ड्रॉइंग काढतो. गाडी झकास चालवतो. पण आपल्याकडचं ट्रॅफिक डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त चालतं. लोक हॉर्न मारतात आणि बेधडक घुसतात. म्हणून त्याच्या हातात स्टिअरिंग आलं, तेव्हापासून त्याचे कान होऊन गोदावरीबाई शेजारी बसत आल्या. उजवीकडून कुणी आलं की दंडावर थाप, डावीकडून आलं की गुडघ्यावर. लग्नाला, दवाखान्यात, मित्राच्या पार्टीलासुद्धा. पार्टी संपेपर्यंत त्या खाली गाडीत स्वेटर विणत बसायच्या.

नव्या गाडीवरून मायलेकांचं चांगलंच वाजलं होतं. त्याला दिवेवालंच मॉडेल हवं होतं. आरशात न दिसणारं वाहन बाजूला आलं की आरशाच्या कोपऱ्यात दिवा लागतो. तरीही गाडी तिकडे वळवली, तर स्टिअरिंग थरथरतं.

“मी आहे ना शेजारी! आईपेक्षा दिव्यावर विश्वास?” गोदावरीबाईंनी तावातावाने खुणा केल्या होत्या.

“दिवा पाहिजेच,” एवढंच त्याच्या हातांनी सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

आज रविवार. त्या गाडीतून दोघं नाशिक रोडला गोदावरीबाईंच्या बहिणीकडे निघाली होती. इंदिरानगरच्या सर्व्हिस रोडवरून हायवेला लागायचं, म्हणजे एरवी गोदावरीबाईंच्या छातीत धडधड. आता त्यांनी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. एक टेम्पो ओरडत आला. दिवा लागला. यशोधन थांबला. पाठोपाठ दोन मोटारसायकली. दिवा होताच. मग दिवा विझला, यशोधनने मान वळवून एकदा मागे पाहिलं आणि गाडी अलगद हायवेच्या रांगेत शिरली. दुधात साखर विरघळावी तशी.

गोदावरीबाईंनी पदराखालचे हात सोडले. आधी जरा रितं वाटलं. एवढ्या वर्षांची नोकरी एका दिव्याने घेतली. मग त्यांनी काच खाली केली. गार वारा आला. द्वारका चौकात फुलांच्या पाट्या मांडल्या होत्या, एक म्हातारा नातीला खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता. इतकी वर्षं त्यांनी हा रस्ता नुसता ऐकला होता. आज पहिल्यांदा पाहत होत्या. बहिणीचं घर कधी आलं, त्यांना कळलंच नाही.

गाडी झाडाखाली लागली. गोदावरीबाई लेकाकडे वळल्या.

“हरले बाबा मी,” त्यांनी खुणांनी सांगितलं. “तुझा दिवा माझ्याहून हुशार. आता तू एकटा जात जा. शेजारची जागा रिकामी.”

यशोधन खाली बघून गालातल्या गालात हसला. मग त्याचे हात हळूच हलले. “रिकामी नाही राहणार.”

“म्हणजे?”

त्याने बोटांनी एकेक अक्षर जुळवून नाव सांगितलं. संपदा. पेठ गावी तिचं घर, इथे नाशिकला बँकेत नोकरी. पुढच्या रविवारी तिला फिरायला न्यायचं आहे. आईची हरकत नसेल तर.

गोदावरीबाईंचे डोळे भरून आले, आणि त्या मोठ्याने हसल्याही. “अरे वेड्या, आधी का नाही बोललास? मग त्या दिव्यासाठी माझ्याशी कशाला भांडलास? ती बसली असती शेजारी. हॉर्न वाजला की तिने सांगितलं असतं!”

यशोधनने नकारार्थी मान हलवली. आईचे दोन्ही हात क्षणभर आपल्या हातांत धरले, मग सोडले आणि सावकाश खुणा केल्या.

“आई, तिलाही ऐकू येत नाही.”