मागचा टाळकरी

आगीच्या बंबाचा पाइप एकट्याला पेलत नाही. पुढचा नोझल धरतो, मागचा त्याच्या पाठीला खांदा लावून पाइप दाबून ठेवतो. नाहीतर पाण्याचा जोर माणसाला उलथून टाकतो. अकरा वर्षं शेखरच्या मागे पुंजाकाका असायचे, कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी असावा तसे. कानाशी एकच धृपद, "भिऊ नको माउली, मी हाय."

गोदाकाठी काकांचा दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक रोडला एका बिल्डिंगचा जिना पेटला. वर सिंधुबाई नावाच्या आजी अडकलेल्या. मागे उभं राहायला माणूस नव्हता, म्हणून पंपावरच्या मनोजला "पाणी कमीच सोड" असं बजावून शेखर एकटाच चढला.

अर्ध्या जिन्यात पाण्याचा जोर एकदम दुप्पट झाला, पण पाइप हातात जरासुद्धा हलला नाही. आग विझली. सिंधुबाई सुखरूप खाली आल्या.

शेखर मनोजवर धावूनच गेला. "मारतो का मला? जोर कोणाला विचारून वाढवला?"

कालच रुजू झालेला मनोज गोंधळला.

 

"भाऊ, तुमच्या मागच्या बाबांनीच जिन्यातून ओरडून सांगितलं ना, 'सोड माउली, मी हाय'?"