आणि साथी

सुपेल्याच्या बाजारातल्या त्या दुकानात जुन्या रेकॉर्डी घ्यायला आलेली सगळी पोरं पंचविशीच्या आतबाहेरची होती. देवाजी जिना चढून आत आले तेव्हा दोघातिघांनी वळून पाहिलं. त्यांनी छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. मागून त्यांची नात उन्नती आली.

"मले वाटलं, माह्या वयाचे बुढे असतीन इथी," देवाजी दम खात म्हणाले.

"बुढे नाही येत, आबाजी. त्यांनी तर कधीच्याच कबाडीत देऊन टाकल्या."

दुकानदार राजदीपनं खुर्ची पुढे केली. "बैठिए दादाजी. बेचना है?"

"नाही. आयकाची हाय."

त्यांनी टॉवेल उघडला. आत हाताच्या पंजाएवढी लहान रेकॉर्ड होती. महिन्यापूर्वी त्यांची बायको भागीरथा गेली. तिची लुगडी वाटून देताना पेटीच्या तळाशी ती सापडली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पोलाद प्लांटच्या वसाहतीतल्या, त्यांच्या सेक्टरातल्या सहा बायका पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेल्या होत्या आणि भुलाबाईची गाणी रेकॉर्डवर भरून रात्री परत आल्या होत्या. लेबलावर छापलं होतं, 'शकुंतला वाघाडे आणि साथी'. भागीरथा त्या साथींमधली.

"म्हणजे तुम्ही ही एकदा पण नाही ऐकली?" उन्नतीनं विचारलं.

"मशीन कोठी होती आपल्या घरी? शामसुंदर फोरमनकडे होती. तुही आजी म्हने, चला ना, एक डाव आयकून येऊ. मी म्हनो, जाऊ ना मंग." देवाजींनी टॉवेलाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "मंग थो फोरमनच रिटायर होऊन गेला."

राजदीपनं रेकॉर्ड हलक्या हातानं पुसली आणि सुई ठेवली. स्पीकरच्या खोक्यातून जड, ओढल्यासारखे आवाज आले. पुरुषांचे असावेत तसे.

देवाजी अर्धे उठले. "या त्या बाया नोहोत."

"सॉरी दादाजी, स्पीड गलत था." राजदीपनं बटण सरकवलं.

आणि बायका गायला लागल्या. टाळ्यांच्या ठेक्यावर, तरण्या, मोकळ्या आवाजात. दुकानातलं बोलणं थांबलं. एक मुलगा राजदीपच्या कानाशी येऊन म्हणाला, "भाई, अंकल से पूछ ना, देंगे क्या? ऐसी कहीं मिलती नहीं." राजदीपनं हातानंच त्याला गप केलं.

उन्नती फोनवर सगळं टिपून घेत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आबाजी, यातली आजी कोणती?"

देवाजी डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं.

"अजून एक डाव लाव, बाबू."

दुसऱ्यांदाही ते डोळे मिटून बसले. गाणं संपल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आबाजी?"

"मले समजून नाही राहिलं, बेटा."

"असं कसं? आजीचा आवाज आहे ना!"

"बोलाचा आवाज ओयखतो मी. झोपेतबी ओयखीन. गान्याचा नाही. माही नाइट राहे. सकाळी प्लांटातून येऊन झोपो. मी घरी असलो का ते गानं म्हनतच नव्हती. मी उठीन म्हनून."

उन्नतीनं फोन खाली घेतला.

देवाजींनी खुर्ची ओढली आणि कान पार खोक्याला लागेल इतके ते जवळ सरकले. "पुन्हा लाव. आता मी एकेकीले सोडतो."

गाणं सुरू झालं. देवाजींनी पंजा समोर धरला.

"हे शकुंतला. हे तं सर्वाईच्या सामोरच हाय." अंगठा मिटला. "हे घोगरी मेश्रामीन. नळावर भांडन करे तं तिसऱ्या लाइनीत आयकू ये." एक बोट मिटलं. "हे कौतिका, गनपतीत आरती सांगे ते." आणखी एक. मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. दुकानात कुणी हललं नाही. "अन् हे ठकूबाई. तिचा दम मधातच तुटते, पाह्य."

उन्नती त्यांच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली.

"दोन उरल्या," देवाजी म्हणाले. "यातली एक तुही आजी हाय."

आता उन्नतीलाही ते दोन आवाज ऐकू येत होते. सगळ्यांच्या मागे, बारीक, एकमेकींना धरून. आजोबा-नात श्वास रोखून वाट पाहत राहिले, की एक तरी थोडी पुढे येईल, एक तरी थोडी मागे राहील.

त्या दोघी शेवटपर्यंत एकाच सुरात गात राहिल्या.