एक पाऊल मागे

ओल्दा बंद दारासमोर उभा होता. ओव्हरकोट अंगात, हॅट हातात, नजर सरळ.

"ढकल ना," ब्लाजेना मागून म्हणाली. "ढकललं की उघडतं ते."

"हो, हो." त्यानं दार ढकललं, तो आधी स्वतःच बाहेर पडला, मग जीभ चावून परत आला आणि त्यानं तिच्यासाठी दार धरलं. "यावं, महामहिम."

"हे तिथे करू नकोस म्हणजे मिळवली."

निवृत्त झाल्यापासून तो असाच दारांसमोर थबकायचा. डिशवॉशरसमोरही. ल्युब्लियानात येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात त्यानं घराची किल्ली दोनदा हरवली होती. ब्लाजेना चिडत नसे. पण आज तिला त्याचा भरवसा वाटत नव्हता.

आज ती चेक राजदूत म्हणून स्लोव्हेनियाच्या अध्यक्षांना आपलं अधिकारपत्र देणार होती. तिची नेमणूक जाहीर झाली तेव्हा प्रागच्या एका वर्तमानपत्रानं विचारलं होतं, बाईंची पात्रता काय? आणि उत्तरही स्वतःच दिलं होतं: वशिला. तिनं ब्रनोच्या प्रयोगशाळेत नद्यांचं पाणी तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. तिला पाच भाषा येत होत्या. डॅन्यूबच्या पाणीवाटपाच्या बैठकांत तिनं तीन देशांच्या इंजिनियरांना एका टेबलाशी बसवलं होतं. त्यातलं एक अक्षरही छापून आलं नव्हतं. आज तिचा पाय घसरला, किंवा त्याचा, तर मात्र सगळं छापून येणार होतं.

गाडीत दूतावासाची सचिव राडका समोरच्या सीटवरून मागे वळून बसली.

"मॅडमनी बजावलंय, तुम्हाला स्पष्ट सांगायचं," ती ओल्दाला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "तुम्ही मॅडमच्या मागे, डाव्या हाताला. हात आधी पुढे करायचा नाही. बोलायचं तर कोणी विचारलं तरच."

"आणि विचारलं तर?"

"हवामान," ब्लाजेना म्हणाली. "ते कधी अंगाशी येत नाही. मी इतकी वर्षं तेच बोलत आलेय."

ते खरं होतं. त्याच्या कामाच्या समारंभांत ती त्याच्या मागे उभी राहायची. हातात कोणीतरी दिलेली फुलं, चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव. ती काय काम करते, हे तिथे कोणी विचारलं नव्हतं. एकानं विचारलं होतं, पण उत्तराची वाट पाहिली नव्हती.

"मागे म्हणजे सगळीकडेच मागे?" ओल्दानं राडकाला विचारलं. "खानावळीत शिरतानासुद्धा? आपल्यात तिथे पुरुषानं आधी शिरायचं असतं. आत मारामारी चालू असली तर बिअरचा पहिला मग त्याच्या डोक्यात बसावा म्हणून."

"आज तो मग माझ्याच डोक्यात बसू दे," ब्लाजेना म्हणाली.

राडका हसली आणि लगेच गंभीर झाली.

अध्यक्षीय प्रासादासमोर सैनिकांची रांग उभी होती. कॅमेरेवाले दोरीपलीकडे. ब्लाजेना गाडीतून उतरली, कोटाची बटणं तिनं बोटांनीच मोजून घेतली आणि चालू लागली. मागे ओल्दाच्या बुटांचा आवाज येत होता, बेताचा, योग्य अंतरावर.

बँडनं चेक राष्ट्रगीत सुरू केलं. ती थांबली. आणि पहिल्याच ओळीत तिला तिच्या डाव्या हाताशी त्याची बाही दिसली. तो पुढे आला होता. मान ताठ, हनुवटी वर, आणखी एक पाऊल टाकायच्या बेतात. दोरीपलीकडे कॅमेऱ्यांची खटखट एकदम वाढली.

"ओल्दा," ती ओठ न हलवता म्हणाली.

बाही थबकली. मग हळूच मागे गेली. राष्ट्रगीत संपलं तशी ती दाराकडे वळली.

आत तिनं दुभाष्याला हातानंच थांबवलं आणि स्लोव्हेनियन भाषेत बोलायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. आपल्या दोन्ही देशांना समुद्रापेक्षा नद्या जास्त कळतात, असं ती म्हणाली. नदी वरच्या गावाचं गुपित खालच्या गावाला सांगतेच, तेव्हा शेजाऱ्यांनी खरं बोललेलं बरं. अध्यक्ष मोठ्यानं हसले. मग ते तिला पाण्याबद्दल प्रश्न विचारू लागले, आणि उत्तरं ऐकू लागले. ठरलेली वेळ कधीच उलटून गेली होती. दारातला अधिकारी घड्याळ दाखवत होता, त्याच्याकडे अध्यक्षांनी पाहिलंच नाही.

निघताना त्यांनी ओल्दाला विचारलं, "आणि आपण? कसं वाटतंय इथे?"

"हवा छान आहे," ओल्दा म्हणाला.

परतीच्या वाटेवर ओल्दा हातातली हॅट फिरवत बसला. मग म्हणाला, "ते पाऊल... पायानंच उचललं गं. मी नाही."

"माहीत आहे मला."

"तू बोलत होतीस ना, तेव्हा माझ्या शेजारच्या माणसाला मी सांगणार होतो, ही माझी बायको. पण त्यानं विचारलंच नाही."

तिनं त्याचा हात हातात घेतला आणि गाडी थांबेपर्यंत सोडला नाही.

दूतावासाच्या दिवाणखान्यात मत्येयका शिडीवर चढला होता. तो इथला जुना देखभाल करणारा. नव्या राष्ट्राध्यक्षांची तसबीर प्रागहून नेहमीप्रमाणे उशिरा, आजच आली होती आणि ती त्यानं भिंतीवर सरळ टांगली होती. खाली उतरून त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. एक चोरटी नजर ओल्दाकडे टाकली.

"मॅडम, जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीचं काय करू? दहा वर्षं होती हो इथे. टाकवत नाही."

"तळघरात ठेवा," ब्लाजेना हातमोजे काढत म्हणाली. "मला ते तोंड रोज न्याहारीला दिसतं."