उमसुनाय आजींचं घर

"खडीसाखरेनं दात किडतात म्हणे! मी सहा पोरं वाढवली तिच्यावर," असं म्हणत उमसुनाय आजींनी दोघींपुढे चहा सरकवला.

झुराकान दवाखान्यात नर्स, गुलझिना समाजसेविका. मुलांचे दात कसे जपायचे याचं प्रशिक्षण नारीन शहरात आठवडाभर चाललं होतं. आज घरोघरी जाऊन सराव. बाकीच्या जोड्यांनी घरांच्या चिठ्ठ्या उचलल्या. या दोघींच्या हातात मात्र शिकवणाऱ्या डॉक्टर बेगायमबाईंनी पत्ता स्वतः ठेवला होता. "आजी कडक आहेत. वाद घालू नका," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

गुलझिनानं तक्ता उघडला. "आजी, साखर तोंडात राहिली की..."

"मला शिकवतेस? घरात सून आहे माझी. माझ्यापुढे चकार शब्द काढत नाही ती!"

झुराकाननं गुलझिनाला कोपरानं ढोसलं आणि तक्ता मिटायला लावला.

"आजी, हा तुमचा नातू झोपताना खडीसाखर मागतो का?"

"आई कामावरून उशिरा येते. तिच्यासाठी रडतो. मी काय करू, नुसती बघत बसू?" आजींचा आवाज खाली आला. चार वर्षांचा नुरसुल त्यांच्या मांडीवर गाल धरून बसला होता.

"मीही तेच केलं असतं," झुराकान म्हणाली. "फक्त एकदा त्याचा वरचा ओठ उचलून बघा. मी हात नाही लावत. तुमच्यापाशी तो शहाण्यासारखा बसेल."

आजींनी चष्मा चढवला. ओठ उचलला. पुढचे चारही दात हिरडीपाशी काळे पडले होते.

"दुखतं का रे, राजा?"

नुरसुलनं होकारार्थी मान हलवली. "तू रडशील म्हणून सांगितलं नाही."

आजी खरंच रडल्या. मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसून त्यांनी झुराकानच्या पिशवीतला ब्रश आपणच काढून घेतला.

"किती पेस्ट लावायची? आणि उद्या दवाखान्यात किती वाजता आणू याला?"

अंगणात पोचेपर्यंत गुलझिनाला हसू आवरेना. बेगायमबाईंना कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. तेवढ्यात आजी दारात आल्या.

"आणि त्या बेगायमला सांगा," त्या ओरडल्या, "परक्या बायकांना कशाला पाठवतेस? दातांची डॉक्टर ना तू? मग सासूपुढेही तोंड उघड की!"