निघताना

दुपार पेंगुळली होती. अरेरा कॉलनीतल्या त्या ऑफिसात सर्व्हरचा गारठा आणि एकसुरी गुणगुण भरून राहिली होती. स्वरदाला वाटत होतं, आपण पाण्याखाली बसून काम करतोय. रिपोर्टचा नवा सर्व्हर लावून झाला होता, फक्त डेटाबेस जुना पासवर्ड मागत होता. तो ठेवला होता देशकरकाकांनी, आणि काका मागच्या वर्षी ऑफिसला येताना रस्त्यातच गेले. मागे राहिली ती पासवर्डची हिंट: 'घर से निकलते समय'.

बाकीच्यांनी चाबी, हेल्मेट, टिफिन, सगळं टाकून पाहिलं होतं. स्वरदा गालात हसली. मराठी माणूस घरातून निघताना काय म्हणतो, हे या हिंदी बोलणाऱ्यांना कुठून माहीत असणार? तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'येतो'.

चूक.

शेवटी तिने पिपलानीला काकांच्या घरी, त्यांच्या पत्नीला, सुमनकाकूंना फोन लावला.

"येतो? छे गं! मुद्दाम 'जातो' म्हणायचे. मी आतून ओरडले की फाटकातून मागे फिरायचे आणि दारात येऊन 'येतो' म्हणायचे. रोजचा खेळ."

स्वरदाने दोन्ही शब्द जोडून लिहिले. पडद्यावर हिरवी खूण उमलली आणि झोपेतून उठावेत तसे रिपोर्ट एकेक करून जागे झाले.

"काकू, जुळलं!"



"त्या दिवशी मिक्सर चालू होता गं," काकू म्हणाल्या. "त्यांचं 'जातो' मला ऐकूच आलं नाही."